शिवाजीनगरहून सुटलेली गाडी

सप्टेंबर १९९७, शनिवारची सकाळ. शिवाजीनगर स्टँडवर माळशेजमार्गे कल्याणला जाणारी लाल गाडी लागलेली. आत सुध्या आणि बाकीचे चौघं खिडकीतून हात काढून बोलावतायत, आणि मी पाठीला सॅक लावून खाली उभा. सोमवारी मेकॅनिक्सचा पेपर होता. "तुम्ही व्हा पुढे, मी पुढच्या वेळी नक्की," म्हणालो. कंडक्टरनं डबल बेल दिली. घरी आलो तर आईनं काही न विचारता सॅकमधल्या दशम्या काढल्या आणि मलाच ताटात वाढल्या.

मेकॅनिक्सला केटी लागलीच.

आणि तिकडे त्या पाच जणांना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य पाठीमागे आणि समोर दरीत धुकं भरलेलं, असा योग जुळला की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण गोल कडं उमटतं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली त्याला आता जवळजवळ दोनशे वर्षं होतील. गंमत अशी, की शेजारीशेजारी दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. दुसऱ्याचं आपल्याला दिसत नाही.

हे मी नंतर वाचलं. तोवर सुध्याचंच इंद्रवज्र ऐकत होतो. लग्नात, बारशात, कुणाच्या बदलीच्या पार्टीत. दर वेळी त्यात एखादं कडं वाढायचं. मी हसायचो, आणि आत कुठेतरी ती डबल बेल वाजायची.

केलेल्या चुकांचं मला फारसं वाईट वाटत नाही. भलती स्कूटर घेतली, एक नोकरी तडकाफडकी सोडली, त्यांचे आता किस्से झालेत. न केलेल्या गोष्टीचा मात्र किस्सासुद्धा होत नाही. ती नुसती दाढेत अडकलेल्या तंतूसारखी सलत राहते. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. मी उलटं केलं, तो तंतू मुद्दाम जिभेनं चाळवत ठेवला. त्याच्याच जोरावर पंचेचाळिसाव्या वर्षी आठ-आठ वर्षांच्या पोरांबरोबर पोहायला शिकलो. ती पोरं "काका, पाय मारा ना!" म्हणून ओरडायची. पोहणं जमल्यावर मात्र गडाला टाळायला कारण उरलं नाही. तीन महिने रोज पर्वती चढलो, रविवारी सिंहगड.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाचनई गावाच्या वाटेनं जा, सोपं आहे." सोपं आहे हे मलाही माहीत होतं. पण ते पाच जण खिरेश्वरनं चढले होते. म्हणून गेल्या सप्टेंबरात मीही एसटीच धरली. स्टँड आता वाकडेवाडीला गेलाय, तेवढी तडजोड केली. खुबी फाट्याला उतरलो आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेकडेनं खिरेश्वर गाठलं.

टोलार खिंडीपर्यंत झाडी आहे, चाल सुखाची. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, तिथे बसून केळी खाल्ली. पुढे खडकाचा टप्पा लागतो. रेलिंग आहेत, पण पावसानं कातळ निसरडा झालेला. मधोमध आलो आणि डाव्या पोटरीत गोळा आला. गार लोखंडी पाइपला दोन्ही हातांनी मिठी मारून मी उभा, खाली बघायची सोय नाही. तेवढ्यात खालून एक मावशी आल्या. डोक्यावर लिंबांची पिशवी आणि पाण्याचा कॅन, पायात साध्या स्लिपर. "दादा, पाय आडवा टाका. आन् वर या सावकाश, सरबत करून ठेवते," म्हणाल्या आणि माझ्या बाजूनं निघूनही गेल्या. वर पोचलो तेव्हा ग्लास खरंच भरून तयार होता. मीठ जरा जास्त टाकलेलं, बहुतेक माझी पोटरी बघून.

त्यानंतर टेकड्यांमागून टेकड्या. प्रत्येक वेळी वाटतं हीच शेवटची. सोनकीनं सगळं पठार पिवळं झालेलं होतं, म्हणून तक्रार करवत नव्हती. देवळाजवळ पिठलं-भाकरी खाल्ली. केदारेश्वराच्या गुहेत उतरलो. भलीमोठी पिंड, भोवती कमरेएवढं पाणी, आणि चार खांबांपैकी एकच धड उभा. पाणी इतकं गार की अर्ध्या प्रदक्षिणेत दात वाजायला लागले. पोहायला शिकल्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

संध्याकाळी कड्यावर. पोटावर झोपून पुढे सरकत फक्त डोकं बाहेर काढलं. कडा आत वळत गेलाय, वाटीच्या आतल्या बाजूसारखा, त्यामुळे आपण ज्यावर झोपलोय त्याच्या खाली काही नाही हे स्पष्ट दिसतं. वारा खालून वर येत होता. एक सुकलेलं पान सोडलं, ते खाली जायच्या ऐवजी माझ्या डोक्यावरून मागे उडून गेलं. किती वेळ तसाच पडून होतो कुणास ठाऊक. तंबूवाला "काका, जेवायचं ना?" म्हणून बोलवायला आला तेव्हा उठलो.

पहाटे पाचलाच जाऊन बसलो. उजाडलं. समोर धुकं, मागे धुकं, माझ्या बुटांपाशी धुकं. सूर्य कुठल्या बाजूला आहे हेही कळेना. नऊ वाजेपर्यंत तीन चहा झाले. मग सॅक भरली.

खुबी फाट्यावर एसटीची वाट बघताना सुध्याला फोन लावला.

"दिसलं का रे?"

"नाही. नुसतं धुकं."

त्याच्याकडून टिंगल येणार म्हणून मी तयारीत होतो. त्याच्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, तेव्हापासून तो जिना टाळतो. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

"पाचनईनं," तो म्हणाला, "किती वेळ लागतो?"