क्लीव्हडनचा पिअर: रुळांच्या पायांवर उभा

इंग्लंडमध्ये आईबाबा आले की जो तो त्यांना ब्रायटनला नेतो. ब्रायटन छानच आहे, दिवे आहेत, पाळणे आहेत, गर्दी आहे, पण मला कुणी विचारलं ना की इथला एखादा जुना पिअर, म्हणजे समुद्रात बांधलेला फिरायचा पूल, बघायचाय, कुठे जाऊ, तर मी डोळे झाकून सांगेन क्लीव्हडनला जा. ब्रिस्टलच्या जवळच छोटंसं गाव आहे, ट्रेन नाही जात, स्टेशन १९६६ लाच बंद झालं, बसने किंवा गाडीने जायचं. गाडी वरच्या रस्त्याने समुद्राकडे उतरायला लागली की एकदम समोर दिसतो तो, इतका बारीक की वाटतं जोराचा वारा आला तर हा टिकतो कसा.

आपल्याकडे धक्का किंवा जेट्टी असते ती कामाची, मासळी उतरवायची, मांडव्याची लाँच पकडायची. व्हिक्टोरियन काळात इथल्या लोकांनी त्यातच मौजेची सोय करून टाकली. रेल्वे आली, साध्या माणसालाही एका दिवसात समुद्र बघून घरी जाणं परवडायला लागलं, मग किनाऱ्यावरच्या गावागावांनी समुद्रात असे लांबलचक पूल बांधले, तिकीट काढायचं, पाण्यावरून टोकापर्यंत चालत जायचं, हवा खायची, बाकावर बसायचं, परत यायचं. बस एवढंच. आईला ही कल्पना इतकी आवडली की ती म्हणाली, "अगं म्हणजे नुसतं चालायला बांधलाय?" तसं अगदी नुसतंच नाही, क्लीव्हडनचा पिअर १८६९ मध्ये ईस्टरच्या सोमवारी सुरू झाला तेव्हा विचार असा होता की ट्रेनने आलेले लोक इथून स्टीमर पकडून खाडीपलीकडे वेल्सला जातील. पण १८८६ मध्ये सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदाच झाला आणि त्या धंद्यातला दमच गेला. मग सहलीच्या स्टीमर्स आणि फिरायला येणारी माणसं, यांच्यावरच तो जगला.

आता मला खरं जे सांगायचंय ते. बाबा मध्य रेल्वेत होते, आयुष्यभर ट्रॅकचं काम, त्यामुळे कुठेही गेलो तरी त्यांची नजर आधी लोखंडाकडे जाते. आम्ही ओहोटीच्या वेळी पोचलो होतो म्हणून तिकिटाच्या आधी खाली गोट्यांच्या बीचवर उतरलो, पिअरचे पाय तिथून पूर्ण दिसतात. बाबा एका पायाजवळ गेले, हात फिरवला, रिव्हेट बघितले, वर बघितलं, आणि म्हणाले, "अगं, हे रूळ आहेत!" आणि खरंच रूळ आहेत. त्यांना बार्लो रेल म्हणतात, विल्यम हेन्री बार्लो नावाच्या इंजिनियरने १८४९ मध्ये पेटंट घेतलेला प्रकार, उलट्या व्ही सारखा पसरट, आतून पोकळ. कल्पना अशी की रूळच इतका रुंद करायचा की स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, लागणारच नाहीत, थेट खडीत बसवायचा. हे वाचून दाखवल्यावर बाबा जागच्या जागी थांबले. "स्लीपर नाहीत? मग गेज कसं धरणार?" गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. नाहीच धरलं. ब्रुनेल या इंजिनियरच्या साउथ वेल्स रेल्वेवर, सात फुटी गेजवर, ते रूळ टाकले होते, गाड्यांच्या वजनाने ते बाजूला सरकायचे, शेवटी उपटून काढावे लागले. आणि तेच टाकाऊ रूळ क्लीव्हडनला आले. दोन-दोन पाठीला पाठ लावून रिव्हेट केले, वरच्या बाजूला कमानीसारखे वाकवले, आणि त्यावर प्रत्येकी शंभर फुटांचे आठ गाळे, म्हणजे दोन पायांमधले पुलाचे भाग, उभे केले. रूळ म्हणून जे नापास झालं ते खांब म्हणून पास झालं, कारण इथे त्याला आडवं सरकायचं नव्हतं, उभं राहायचं होतं. बाबांना त्या अर्ध्या तासात जेवढं खुश बघितलं तेवढं आख्ख्या लंडनमध्ये बघितलं नव्हतं.

आणि इतके बारीक पाय का, तर समुद्रासाठी. इथली खाडी म्हणजे ब्रिस्टल चॅनल, तिची भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, मोठ्या उधाणाला पाणी जवळजवळ १४ मीटर चढतं-उतरतं. मुंबईत मोठी भरती म्हणजे आपण ५ मीटरच्या आसपासचे आकडे ऐकतो आणि तेवढ्यात मरीन ड्राइव्हवर लाटा रस्त्यावर येतात, त्यावरून अंदाज करा. इथे पाणी नुसतं वर येत नाही, जोरात वाहत येतं, जाड खांब असते तर सारखी टक्कर झाली असती. बारीक असल्यामुळे पाणी मधून निघून जातं. पाणी निळंबिळं नाही हं, चांगलं गढूळ, पावसाळ्यातल्या आपल्या खाडीसारखं, सेव्हर्न नदीचा सगळा गाळ त्यात. मला ते पाणी आवडतं. पोस्टकार्डवरचा समुद्र नाही तो.

वर गेलात की सुमारे ३१२ मीटर चालायचंय. लाकडी फळ्या, मध्ये फटी, फटीतून खाली पाणी पळताना दिसतं, आई सुरुवातीला माझा दंड धरून चालत होती आणि अर्ध्यात सोडून पुढे गेली. टोकाला पॅगोडासारखं छप्पर असलेला मंडप, गळ टाकून बसलेली माणसं, आणि बोटींसाठी खाली खाली उतरत जाणारे मजले, कारण भरतीला बोट वरच्या मजल्याला लागणार आणि ओहोटीला पार खालच्या. खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार. समोर वेल्सचा किनारा, डावीकडे दोन बेटं, स्टीप होम आणि फ्लॅट होम. या फ्लॅट होमवरूनच मार्कोनीने १८९७ मध्ये मोकळ्या समुद्रापलीकडे पहिला बिनतारी संदेश पाठवला. एवढंसं बेट, बघून वाटत नाही.

पण हा पिअर आज आहे हेच मोठं आहे. १७ ऑक्टोबर १९७० ला विम्यासाठी वजनाची चाचणी चालू होती, पाण्याने भरलेल्या टाक्या एकेका गाळ्यावर ठेवून बघायचं, आणि टोकाकडचे दोन गाळे कोसळले. शंभर वर्षं वादळं, भरत्या, माणसं सगळं सोसलं आणि चाचणीत पडला. टोकाचा मंडप समुद्रात एकटा उभा आणि अलीकडे तुटका पूल, अशी अनेक वर्षं गेली. पैसे नव्हते. १९७९ मध्ये तिथल्या स्थानिक कौन्सिलने पाडायची परवानगी मागितली, सरळ हिशोब होता, कोसळलेली वस्तू, उपयोग काय, काढून टाका. पण गावकरी ऐकेनात. १९८० मध्ये जाहीर चौकशी झाली, तेव्हाचे इंग्लंडचे राजकवी जॉन बेट्जमनसुद्धा पिअरच्या बाजूने उभे राहिले, आणि पाडायची परवानगी नाकारली गेली.

मग खरं काम. १९८५ मध्ये पिअर सुटा केला, गाळे बार्जवरून जवळच्या पोर्टिसहेडच्या गोदीत नेले, तिथे एकेक भाग साफ करून, दुरुस्त करून परत आणून लावले. १९८९ मध्ये पुन्हा चालता यायला लागलं, टोकाचा भाग आणि पॅगोडा पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. २००१ मध्ये त्याला ग्रेड वन दर्जा मिळाला, म्हणजे संरक्षित वास्तूंमधला सगळ्यात वरचा. कोसळल्यापासून पूर्ण होईपर्यंत अठ्ठावीस वर्षं, विचार करा. मला हे फार मोठं वाटतं, कारण किल्ला किंवा देऊळ वाचवायला लोक उभे राहतात हे आपण समजू शकतो, पण समुद्रावर फिरायची एक जागा, तीही तुटलेली, तिच्यासाठी एवढं लावून धरायचं याला त्या जागेवर जीव असावा लागतो.

तो जीव फळ्यांवर दिसतो. पैसे उभे करायला लोकांना फळ्या स्पॉन्सर करायला दिल्या, त्यामुळे चालताना पायाखाली छोट्या पितळी पट्ट्या लागतात, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाची आजी, कुणी इथेच मागणी घातली. आई खाली बघत बघत इतकी हळू चालली की बाबा दोनदा टोकाला जाऊन परत आले. एका पट्टीपाशी मात्र दोघंही थांबले, तिच्यावर नुसतं एक नाव आणि "इथे मासे पकडायचा" एवढंच.

ज्यांना हे सगळं भावनेचं बोलणं वाटतं त्यांनी ब्रायटनला जाऊन दुसरा पिअर बघावा, वेस्ट पिअर. १८६६ चा, क्लीव्हडनपेक्षा किती तरी नावाजलेला, तोही ग्रेड वन. १९७५ मध्ये बंद झाला, पैसे जमेपर्यंत वर्षं गेली, २००३ मध्ये आगी लागल्या आणि आता समुद्रात नुसता लोखंडी सांगाडा आहे. लोक त्याचे सूर्यास्ताचे फोटो काढतात, सुंदर येतात, पण मला तो बघवत नाही.

जाणार असाल तर भरती-ओहोटीचं टेबल बघून जा, ओहोटीला पोचा म्हणजे खालून पाय बघता येतील, आणि मग चहा घेत पाणी चढेपर्यंत थांबा. पिअरच्या तोंडाशी जुनं टोलहाउस आहे, छोट्या किल्ल्यासारखं दिसणारं दगडी घर, तेही बघा. मेमध्येसुद्धा जॅकेट न्या, टोकाला वारा सॉलिड असतो. आणि वेव्हर्ली नावाची पॅडल स्टीमर, म्हणजे बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणारी बोट, समुद्रात प्रवासी घेऊन जाणारी जगातली शेवटची, उन्हाळ्यात या पिअरला येत आलीय, तिचं वेळापत्रक आधी नक्की बघा. बाबांनी तिच्या इंजिनाबद्दल आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय, पुढच्या वेळी ते आले की ती ट्रिप करायचीच आहे.