आमची वाटचाल : एका सेकंदाचा धंदा

२००९ साली भाऊजींनी आणि मी मिळून भोसरीत एका वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये स्टड वेल्डिंग सुरू केलं, म्हणजे डोकं असलेले पोलादी दांडे (स्टड) गनने लोखंडावर उभे जोडायचे. भांडवल म्हणजे एक जुनं मशीन, एक गन, आणि ताईने मोडलेली एफडी. मशीन तीन फेजचं, अंगाने म्हशीएवढं. पहिल्या दिवशी चालू केलं तेव्हा अख्ख्या गल्लीचे दिवे मंदावले.

लोक म्हणतात, स्टड लावण्यात काय एवढं? चाप दाबला की एका सेकंदाच्या आसपास १९ मिमीचा स्टड गर्डरला बसतो. मान्य. पण तेवढ्यात दीड हजार अँपिअरच्या घरात करंट जातो, गन स्टडला उचलते, आर्क (विजेची ठिणगी) पेटतो, दोन्हीकडचं लोखंड वितळतं आणि स्टड त्यात बुडतो. बसल्यावर तो चार-पाच मिमीने आखूड होतो. तेवढा झाला नाही तर काहीतरी चुकलंय. भाऊजी पट्टी कधी काढत नसत, नुसत्या डोळ्यांनी सांगत. मग हातोडीने टिचकी. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर घासून काढा.

पहिली काही वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

२०१७चा जुलै मात्र विसरत नाही. रेल्वेवरच्या एका पुलाच्या गर्डरचं काम होतं, पोलादी गर्डर आणि वर काँक्रीटचा स्लॅब. या दोघांना एकत्र काम करायला लावतात ते आमचे स्टड. ते निसटले की गर्डर वेगळा, स्लॅब वेगळा. पाळीच्या सुरुवातीला पहिले दोन स्टड ३० अंश वाकवून बघायचे, हा नियम. भाऊजींनी स्टडवर पाइप अडकवून वाकवले. दोन्ही मुळातून तुटून हातात आले. पुढचे सहा लावले, त्यांतले तीन गेले. तुटलेल्या तोंडावर बारीक बारीक भोकं.

फेरूल म्हणजे वेल्ड करताना स्टडच्या बुडाभोवती बसवायची सिरॅमिकची कडी; साइटवाल्यांनी त्यांची खोकी ताडपत्रीखाली पावसात ठेवली होती. फेरूल ओलं असेल तर वेल्डमध्ये वाफ शिरते. ओलं फेरूल १२० अंशांवर दोन तास भाजून घ्यावं लागतं. आमच्याकडे भट्टी होती, पण साइटवर तिला लाइट द्यायला कोणी तयार नव्हतं. जनरेटर एकच, त्यावर दोन वेल्डिंग मशीन आणि पाण्याचा पंप. आम्ही लेखी पत्र दिलं होतं. पत्राची पोच आजही फाइलला आहे, कोणाला बघायची असेल तर शेडवर यावं.

ठपका आमच्यावर आला. बिल अडकलं, बँकेचा हप्ता चुकला, दोन पोरांना घरी पाठवावं लागलं. काम ज्याला गेलं त्याने गन आणलीच नाही, साध्या वेल्डिंग रॉडने स्टडच्या बुडाभोवती गोल फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) मारून मोकळा झाला. रॉडने मारायला बंदी नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण गनच्या स्टडच्या बुडाला अ‍ॅल्युमिनियमचा ठिपका असतो. तो न घासता स्टड उभा केला तर खाली फट राहते, आणि फटीवर फिलेट मारून उपयोग काय? त्याचा एकही स्टड कोणी वाकवून बघितला नाही. माझे आठ वाकवले!

त्या वर्षी आम्हाला तारलं एका मॅडमनी. इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होत्या. त्यांना दोन प्लेटांच्या मध्ये काँक्रीट भरलेले सँडविच पॅनेल हवे होते. कामं छोटी, पैसे रोख. या पॅनेलमध्ये खालच्या ताणाच्या प्लेटवरचे स्टड कातरबळ (प्लेट आणि काँक्रीटला एकमेकांवरून सरकवणारा जोर) घेतात आणि वरच्या दाबाच्या प्लेटवरचे स्टड तिला फुगू देत नाहीत. म्हणून प्लेट पातळ असेल तर स्टड दाट लावावे लागतात. मी विचारलं, मॅडम, एकच दांडा दोन्ही प्लेटांना का नाही जोडत? त्या म्हणाल्या, एक बाजू झाली की दुसरीकडे तुमची गन कुठून घालणार, मालक? ब्रिटिश स्टील या कंपनीने त्यासाठी दांडा दोन प्लेटांमध्ये फिरवून घर्षणाने दोन्ही टोकं जोडायचं यंत्र केलं होतं. आपल्याला परवडणारं नाही. आम्ही दोन्हीकडून स्टड लावले, डोकी एकमेकांना ओलांडून जातील अशी.

त्या पॅनेलच्या तपासणीला मी स्वतः गेलो. आमचा स्टड तुटला तो वेल्डच्या कॉलरच्या (बुडाभोवती वितळून जमलेल्या कड्याच्या) वर, दांड्यात. वेल्डचं मूळ प्लेटला तसंच घट्ट. भाऊजींनी तो तुकडा रुमालात बांधून आणला. डिझाइनमध्ये त्या एका स्टडवर सात-आठ टन धरतात, पण ते दांड्याच्या आणि काँक्रीटच्या हिशेबाने. ओल्या फेरूलचा हिशेब कुठल्याच सूत्रात नाही.

नवीन पोरांना सांगतो, अर्थिंगचा क्लॅम्प एकाच बाजूला लावू नका, आर्क एकीकडे ओढला जातो आणि कॉलर अर्धीच होते. प्लेटवरचा रंग, गंज घासल्याशिवाय चाप दाबू नका. आणि जनरेटर कोणाशी वाटून घेऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

मॅडम आता प्राध्यापिका आहेत, दर वर्षी विद्यार्थ्यांचे पॅनेल आमच्याकडेच धाडतात. त्या पुलाच्या कामाचं रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, अजून आलेलं नाही.