ग्रुप शोधताना आधी आपलं स्टेशन बघा

मला हल्ली लोक विचारतात, की मुंबईत दारू सोडण्यासाठी सगळ्यात चांगला ग्रुप कुठला. मलाच का विचारतात, तर मी प्यायचो हे आख्ख्या भांडुपला माहिती होतं आणि आता पीत नाही हेही हळूहळू कळलंय. माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण मी म्हणतो की तुझं स्टेशन आणि तुझं घर याच्या मधे जो पडतो तो.

बघा ना, पिणाऱ्याची वेळ ठरलेली असते. ऑफिस सुटलं, ट्रेनमधून चेंगरून उतरलो, स्टेशनच्या बाहेर परमिट रूमची पाटी, वाईन शॉपसमोर रांग, आणि कोणीतरी "बसायचं का?" म्हणणारा असतोच. सगळा खेळ संध्याकाळी सात ते नऊचा आहे, आणि एएच्या म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बऱ्याच मीटिंगा पण नेमक्या त्याच वेळेला असतात. आता मुलुंडचा माणूस, कोणीतरी फार भारी सांगितलं म्हणून वांद्र्याच्या ग्रुपला जायला निघाला, की दादरला उतरा, तो पूल चढा, वेस्टर्नची गर्दी झेला, परत येताना तेच, तर तो आठवडाभर जाईल आणि मग पाऊस येईल. घराजवळ नको, ओळखीचं कोणी भेटलं तर, अशी भीती सगळ्यांनाच असते, पण अहो, जो ओळखीचा भेटेल तो पण त्याच कारणासाठी आलेला असणार ना! आणि आपण गटारीला सोसायटीच्या गेटवर झोपलेले सगळ्यांनी बघितलेलंच असतं.

दुसरं बघायचं ते भाषा. इथे हिंदी, मराठी, इंग्लिश असे वेगवेगळे ग्रुप आहेत. मनातली घाण बाहेर काढायची तर ज्या भाषेत आपण बायकोशी भांडतो त्या भाषेत बोलता आलं पाहिजे, नाहीतर माणूस व्याकरण सांभाळत बसतो.

आत काय होतं ते सांगतो, कारण घाबरतात लोक. जागा बहुतेक शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, आमच्याकडे तिसरीच्या पोरांची बाकं आहेत, त्यात गुडघे अडकवून मोठमोठे बाप्ये बसलेले असतात. एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव आणि "मी दारुडा आहे" एवढं सांगून आपलं शेअरिंग करतो, मधे कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. नवीन माणसाने नुसतं ऐकलं तरी चालतं. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, दहा-वीस टाका नाहीतर पुढे सरकवा. चर्चचं नाव ऐकून माझ्या आईला वाटलं होतं की याला बाटवतील, पण तसं काही नाही, हॉल मिळतो म्हणून तिथे, आणि देवाबद्दल पण ज्याला जसा समजला तसा एवढंच म्हणतात. हे सगळं सुरू झालं 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात, एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही आपल्यासारखेच बेवडे. एकमेकांशी बोललं की त्या दिवसापुरती पिण्याची गरज टळते हे त्यांना कळलं, आणि आजही मूळ कारभार तेवढाच आहे.

पण एक गोष्ट ग्रुपच्या आधीची. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते, नंतर भास होतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. केईएम, सायन, नायरला सायकियाट्रीची ओपीडी आहे. आणि लोकलच्या डब्यात ते स्टिकर असतात ना, न सांगता दारू सोडवा, त्या भानगडीत घरच्यांनी अजिबात पडू नये. डायसल्फिरामसारखी गोळी भाजीत गुपचूप मिसळली आणि नवरा वरून पिऊन आला तर धडधड वाढते, बीपी पडतं, माणूस जाऊ पण शकतो. ती गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला माहीत असतानाच घ्यायची असते.

ज्याला घरात राहून जमतच नाही त्याच्यासाठी भरती होण्याच्या जागा आहेत, पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून आहे, आपल्याकडे फादर जो परेरांचं कृपा फाऊंडेशन 1981 पासून. पण तिथून परत आल्यावर संध्याकाळचे सात वाजतातच आणि परमिट रूमची पाटी पण तिथेच असते, म्हणजे ग्रुप शेवटी लागतोच. बायकोसाठी, आईसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून घरच्यांचा ग्रुप वेगळा असतो, माझी बायको माझ्याआधी जायला लागली होती आणि मला सांगितलं पण नव्हतं, असो.

पत्ता मिळत नसेल तर 14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर आहे. ग्रुपचा नंबर मिळाला की जायच्या आधी फोन करा, आजची मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड ते विचारा, ओपनला घरच्यांना नेता येतं, क्लोज्डला फक्त पिणारेच. एकट्याला जायला लाज वाटत असेल तर तसं सांगा, बरेचदा कोणीतरी स्टेशनवर घ्यायला येतं. आणि रविवारची मीटिंग पकडणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठल्या लाईनवर आहे ते बघून घ्या, आमच्या सेंट्रलवाल्यांना हे सांगायला नको.