आमचे तीन तुकडे आणि आमची वाइन

आम्ही इंदूरचे, घर रामबागेत, पण बाग रतलामकडे. अण्णा म्हणजे माझे वडील, ते आधी थॉम्पसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावायचे, माल चोइथराम मंडीत यायचा आणि भाव पडला की वर्षभराची मेहनत पाण्यात. मग नाशिकला नातेवाइकांकडे वाइनची द्राक्षं बघितली, पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन आले आणि घरी येऊन म्हणाले, आता हेच करायचं. आजी महिनाभर बोलली नाही त्यांच्याशी, घरात गणपती बसतो आणि हे काय म्हणून.

डॉगरिज या जंगली वेलाच्या खुंटावर कलम करून शिराझ, म्हणजे रेड वाइनची काळी द्राक्षं, लावली. बागेचे तुकडे तीन, विहिरीजवळचा काळ्या मातीचा, मधला, आणि वरचा टेकाडाचा, नुसता मुरूम. पहिल्या वर्षी आम्ही तिन्हीकडची तोडणी एकाच दिवशी केली कारण मजूर त्याच दिवशी मिळाले, आणि सगळा माल एकाच टाकीत घातला. वाइन पातळ झाली, रंगही फिका. फार वाईट वाटलं, अण्णा दोन दिवस जेवले नाहीत नीट.

दुसऱ्या वर्षी मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची नळी, घेऊन रोज सकाळी फिरायला लागलो, काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. टेकाडावर 24 ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण 24 टक्के साखर, आणि त्याच दिवशी विहिरीजवळ 19! काळी माती पाणी धरून ठेवते ना, तिथे वेल नुसता पाला वाढवतो, मणी फुगतो आणि साखर मागे राहते, मुरमात पाणी टिकत नाही म्हणून मणी बारीक, साल जाड, आणि रेड वाइनला रंग तर सालीतूनच येतो. बी पण चावून बघायची, हिरवी असेल तर तोंड आवळतं, तपकिरी होऊन कुरकुरली की मगच कात्री लावायची.

तेव्हापासून तिन्ही तुकड्यांची तोडणी वेगळी, टाक्याही वेगळ्या. तोडणी पहाटे, गारव्यातच. टाकीत सालं वर येऊन जाड थर बसतो, तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा, ते काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही. टेकाडाची वाइन आता खरंच सुंदर होते, हे मी मनापासून सांगतो.

विहिरीजवळ शिराझ ठेवायची की काढून शेनिन ब्लां, म्हणजे व्हाइट वाइनची द्राक्षं, लावायची, यावर अण्णांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत ठरवायचंय.