रॅलीचा दिवस आणि ३३ गोळ्या

गेल्या वर्षीची २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. ठाण्याच्या वागळे इस्टेटात आमच्या संस्थेची रॅली होती. टोप्या, बॅनर, ढोल-ताशा सगळं तयार, आणि ज्या कंपनीचा सीएसआर फंड, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, होता त्यांची माणसं दहाला फोटोसाठी येणार होती. त्यांना निदान ३०० जण हवे होते आणि माणसं जमवायचं काम माझ्याकडे.

नऊला फोन आला. किसन नगरमधल्या एका पेशंटची बायको. "ताई, ह्यांनी गोळ्या सोडल्यात, अकरा दिवस झाले, तुम्हाला सांगू नको म्हणतात."

पोटात धस्स झालं, कारण त्याचा तिसरा महिना चालू होता. ही वेळच धोक्याची, खोकला थांबलेला असतो, भूक लागायला लागते, माणसाला वाटतं झालो बरा, पण साध्या टीबीचा कोर्सही सहा महिन्यांचा असतो आणि मधेच सोडला तर तोच टीबी औषधांना दाद न देणारा होऊन उलटू शकतो.

सरांना म्हटलं मी निघते. "एका माणसासाठी? आज? उद्या जा की."

"उद्या बारा दिवस होतील सर."

खोलीत गेले तर तो मान खाली घालून बसलेला. बायकोने डब्यातून पट्ट्या काढल्या, मी मोजल्या, रोजच्या तीनप्रमाणे बरोबर ३३ गोळ्या. हळूहळू बोलायला लागला. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळायचं, मग टेम्पोत माल चढवणं जमत नव्हतं, खाडा झाला की पगार कापला जायचा. सरकारचे पोषणाचे महिना १००० रुपयेही आले नव्हते, बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून. गोळ्यांमुळे लघवी केशरी होईल, घाबरू नका, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण सकाळी काय खाऊन कामाला जाता हे तीन महिन्यांत एकदाही विचारलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तसंच त्याला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डॉक्टरांनी थुंकी परत तपासायला पाठवली आणि थोडं खाऊन गोळ्या घ्यायला सांगितलं. तिथून बँकेत, आधारचा फॉर्म भरला, दुपारचे दोन वाजले.

रॅलीला माणसं कमी पडली. सर दोन दिवस नीट बोलले नाहीत, आणि त्यांचंही खरंय, फंड थांबला तर आमचे पगार थांबतात. पण रिपोर्टच्या फॉर्ममध्ये 'एकूण सहभागी' असा रकाना होता आणि किती जणांचा कोर्स पूर्ण झाला याला जागाच नव्हती, ती ओळ मी शेवटी पेनाने लिहून दिली, आम्ही हे काम त्यासाठीच करतो ना?

निघताना त्याच्याशी ठरवलं होतं, गोळ्या घेतल्या की मला मिस्ड कॉल द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आला.