पद्मिनीचा वॉटर पंप

आमची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आज पुन्हा गॅरेजात. वॉटर पंप गळत होता, एवढंच. पण पंपापर्यंत हात जायला रेडिएटर उतरवावा लागला. तो काढताना वरचा होज पाइप तडकला. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर पार कडक झालेलं. रेडिएटर आतून धुतला, तर खालच्या टाकीला भोक! इतके दिवस गंज आणि क्षारांच्या थरानेच ते बुजवून ठेवलं होतं. आता डाख मारायला दिलाय. मिस्त्री म्हणाले, "फॅन बेल्टही आत्ताच घाला, परत कशाला खोलायचं?" पटलं. खर्च वाढतोय, वाढू दे. कुर्ल्यात बनलेली ही गाडी, स्टीअरिंगजवळच्या त्या गिअरच्या दांड्यासकट, मला रस्त्यावर धावतीच हवी. वरचा होज बरोबर त्याच वाकाचा पुण्यात कुठे मिळत असेल तर जरूर सांगा.