तुम्ही विचारलंत म्हणून: मधल्या डब्याचे एवढे पैसे कशासाठी?

आमच्याकडे टीव्हीखाली जुनी गेमिंग यंत्रं ओळीने मांडलेली आहेत आणि त्या सगळ्यांच्या वायरी एका छोट्या काळ्या डब्यात शिरतात. हा अपस्केलर, म्हणजे जुन्या यंत्राचं चित्र नव्या टीव्हीच्या मापाचं करून देणारा डबा. घरी येणारे प्लेस्टेशन ओळखतात, मेगा ड्राइव्ह ओळखतात, मग त्या डब्याकडे बोट दाखवतात. किंमत ऐकली की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘‘पाचशे-सहाशेला एव्हीचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर मिळतो की! मग हे कशाला?’’

मिळतो, आणि त्याने चित्रही येतं. वर्षातून एकदा मुलांना ‘आम्ही हे खेळायचो’ म्हणून दाखवायचं असेल, तर तोच घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. रोज खेळायचं असेल तर मात्र जुन्या टीव्हीपासून सुरुवात करावी लागते.

पिक्चर ट्यूबवर चित्र आडव्या रेषांनी काढलं जायचं. आपल्या दूरदर्शनची पद्धत पाल, म्हणजे ६२५ रेषांची. पण त्या सगळ्या एका दमात येत नसत. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात एक आड एक रेषा, पुढच्या पन्नासाव्या भागात त्यांच्या फटींमधल्या उरलेल्या रेषा. पत्ते पिसताना दोन गठ्ठे एकमेकांत घुसतात, तसं. जपान-अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत ५२५ रेषा आणि सेकंदाला साठ फेऱ्या. १९८३ साली निन्टेन्डोने जपानात फॅमिकॉम आणला, त्याचं चित्र होतं २५६ बाय २४० ठिपक्यांचं. दोन फेऱ्यांत मिळून पडद्यावर दिसणाऱ्या ४८० रेषा भरणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मग आधीच्या यंत्रांनी वापरलेली युक्ती त्यानेही वापरली. सिग्नलच्या वेळेत जरासा फेरफार करून प्रत्येक फेरीच्या रेषा त्याच त्या जागी पाडायच्या आणि मधल्या फटी काळ्याच सोडायच्या. रेषा निम्म्या, पण सेकंदाला साठ पूर्ण चित्रं. यालाच आता २४०पी म्हणतात. प्रक्षेपणाच्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं, पण ट्यूबला नियमांशी काय देणंघेणं? सिग्नल सांगेल तिकडे तिचा झोत धावायचा.

नव्या टीव्हीला नियम पाठ आहेत, आणि सगळा घोळ तिथेच आहे. एव्हीतून आलेला सिग्नल पाहून तो गृहीत धरतो की ही एका चित्राची दोन अर्धुकं आहेत, आणि लागोपाठची दोन स्वतंत्र चित्रं एकमेकांत मिसळून टाकतो. स्थिर पडद्यावर ते फारसं कळत नाही. पण त्या काळच्या यंत्रांना पारदर्शकपणा सहज जमायचा नाही, म्हणून मार लागलेला हीरो किंवा पायाखालची सावली एका चित्रात काढायची, पुढच्यात वगळायची, अशी रीत होती. ट्यूबवर ते लुकलुकायचं. नव्या टीव्हीवर तोच हीरो दातेरी रेषांचा होतो, नाहीतर सरळ गायब. स्वस्तातला कन्व्हर्टर नेमकी हीच चूक करतो, आणि वर चित्र आडवं ताणून देतो. मग मारिओ जाडा दिसतो.

दुसरी गोष्ट उशिराची. ट्यूबला आलेलं चित्र साठवायला जागाच नव्हती, त्यामुळे उशीर नावालाही नाही. नवा टीव्ही चित्र साठवतो, साफ करतो, मोठं करतो, रंग खुलवतो आणि मग दाखवतो. साध्या मोडमध्ये हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जाऊ शकतो, आणि साठच्या वेगात एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, असते १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे तुम्ही बटण दाबल्यावर सहा फ्रेम उलटून मारिओ उडी मारणार. तोवर तो खड्ड्यात गेलेला असतो आणि तुम्हाला वाटतं, वय झालं. वय झालेलं नाही. टीव्हीचा गेम मोड चालू करा, फुकट आहे. अपस्केलरवर एक रुपयाही खर्च करायच्या आधी करायची ही गोष्ट आहे आणि निम्म्या लोकांनी ती केलेली नसते.

आता डब्याकडे येऊ. चांगल्या अपस्केलरचं पहिलं काम असतं आलेला सिग्नल नीट वाचणं, मोठं करणं त्यानंतर. हे २४०पी आहे, यातलं प्रत्येक चित्र पूर्ण आहे, एवढं ओळखलं तरी निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मी ठिपक्यांची. वायरीतून ठिपके येत नाहीत, सलग चढउतार करणारा व्होल्टेज येतो. त्या एका रेषेत २५६ ठिपके आहेत हे ठाऊक असणारं यंत्र बरोबर २५६ ठिकाणी नमुना घेतं, तोही प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर. जरा पुढेमागे झालं की शेजारच्या ठिपक्याचा रंग गळून इकडे येतो आणि अक्षरांच्या कडा थरथरतात. मेगा ड्राइव्हचे बरेचसे खेळ ३२० ठिपक्यांचे, त्यामुळे तिथे हिशेब वेगळा. स्वस्त कन्व्हर्टर असला हिशेब करत बसत नाही. सगळ्यांना एकाच मापाने कापतो.

या कामासाठी जपानच्या मायकॉमसॉफ्टचा फ्रेममाइस्टर बरीच वर्षं सगळ्यात प्रतिष्ठेचा मानला जायचा. चित्र सुंदर, पण थोडा उशीर लावायचा, आणि प्लेस्टेशनचा एखादा खेळ मेन्यूसाठी २४०पीवरून ४८०आयवर, म्हणजे दोन अर्धुकांच्या पद्धतीवर, गेला की पडदा काही सेकंद काळा. मग फिनलंडच्या मार्कुस हिएनकारीने ओएसएससी बनवला, सगळा आराखडा खुला ठेवून. तो पूर्ण चित्र साठवतच नाही. आलेली रेषा दोनदा, तीनदा, पाचदा पुढे ढकलतो, त्यामुळे उशीर जवळजवळ शून्य. पण सुपर निन्टेन्डोसारख्या यंत्रांचा सिग्नल मुळातच किंचित अडखळत येतो आणि ओएसएससी तो जसाच्या तसा पुढे देतो. काही टीव्ही ते चालवून घेतात, काही रुसून काळे पडतात. माइक ची या निर्मात्याच्या रेट्रोटिंक मालिकेने दोन्हींचा मध्य साधला. २०२१ सालचा ५एक्स-प्रो आणि २०२३ च्या अखेरीस आलेला ४के, दोघेही चित्र साठवतात, पण उशीर एका फ्रेमच्या आत ठेवतात. आला तेव्हा ४केची किंमत ७५० डॉलर होती, म्हणजे साठ हजारांच्या वर, शिवाय कस्टम्स वेगळं. पुढे त्याचीच थोडी छाटलेली, स्वस्त आवृत्तीही आली.

४केचा एक फायदा मला कागदावरसुद्धा देखणा वाटतो. २४० ला ९ ने गुणलं की बरोबर २१६०, म्हणजे ४के पडद्याची उंची. एकेक रेषा नेमकी नऊ रेषांची होते, उरतं-पुरतं काही नाही. १०८०च्या टीव्हीवर हा भागाकार साडेचार येतो. मग चारपट करून वरखाली काळी पट्टी सोडा, नाहीतर पाचपट करून डोकं-पाय कापा.

आता ज्या गोष्टीमुळे मी बहुतेकांना हा डबा घेऊ नका असं सांगतो, ती ऐका. डबा वायरीतून आलेलं चित्र दाखवतो. आलंच नाही ते कुठून आणणार? आपल्यापैकी बहुतेकांच्या माळ्यावर असतो तो फॅमिकॉमची नक्कल असलेला व्हिडिओ गेम. तोच, ज्याची कॅसेट फुंकून घालायची आणि ‘९९९९९९९ इन १’ मध्ये कॉन्ट्रा शोधत बसायचं. त्यातून फार तर पिवळ्या वायरीचा कंपोझिट सिग्नल निघतो, नाहीतर थेट अँटेनाच्या भोकात घालायची वायर. कंपोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेत कालवलेले असतात. एकदा कालवलेलं पूर्ण वेगळं करता येत नाही, साठ हजार मोजले तरीही. मूळ निन्टेन्डोतसुद्धा चित्र काढणारी चिप थेट कंपोझिटच द्यायची. लाल-हिरवा-निळा वेगळा हवा असेल तर यंत्र उघडून त्यात वेगळा बोर्ड बसवावा लागतो. त्या खेळांवरच जीव असेल तर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, वापरा, नाहीतर मिस्टर नावाचा एफपीजीए संच बघा, तो जुन्या यंत्राचं सर्किटच एका चिपमध्ये उभं करतो. त्यात कंपोझिटची भानगडच नाही.

मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, पहिला प्लेस्टेशन यांची गोष्ट निराळी. त्यांच्या मागच्या सॉकेटमधून आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा, आपसूक मिळतं, फक्त वायर योग्य हवी. युरोपात त्यासाठी टीव्हीला स्कार्ट नावाचं सॉकेट होतं. आपल्याकडच्या टीव्हींना ते सहसा नसायचं, म्हणून आपल्याला ही यंत्रं एवढं स्वच्छ चित्र देतात हे कधी कळलंच नाही. पहिल्यांदा बघाल तेव्हा चकित व्हाल. थोडे नाराजही व्हाल. सॉनिकच्या पहिल्याच टप्प्यातला धबधबा प्रत्यक्षात उभ्या पट्ट्यांचा आहे. कंपोझिटच्या गिचमिडीत त्या पट्ट्या मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. आरजीबीत पाणी जातं, पट्ट्या राहतात. काही जण म्हणूनच मेगा ड्राइव्ह मुद्दाम कंपोझिटवर खेळतात, आणि मला ते पटतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घरांत सापडणारं यंत्र प्लेस्टेशन २. त्याचे बहुतेक खेळ खरोखरच ४८०आयचे, म्हणजे अर्धुकंवालेच. तिथे नवा टीव्ही चूक करत नाही, पण अर्धुकं जुळवण्यात वेळ लावतो. ओएसएससी इथे चित्र थरथरवतो. रेट्रोटिंक हलणारा भाग आणि स्थिर भाग वेगळे ओळखून जुळवतो, त्यामुळे शांत दिसतं. पण आधी लाल-हिरव्या-निळ्या टोकांची कंपोनंट वायर घ्या. तुमच्या टीव्हीला कंपोनंटची जागा असेल, तर एवढ्यानेच इतका फरक पडेल की कदाचित तुम्ही तिथेच थांबाल.

एवढं सगळं करून हा महागडा डबा आपली बरीचशी ताकद कशावर खर्च करतो? नवा टीव्ही जुन्यासारखा दिसावा म्हणून. रेषांमधल्या काळ्या फटी, ट्यूबच्या काचेआडची जाळी, झोत पडला की चमकणाऱ्या लाल-हिरव्या-निळ्या फॉस्फरचे कण, हे सगळं तो ४के पडद्यावर पुन्हा काढून देतो. एकेका कणाला आकार द्यायचा तर पडद्याला तेवढे बारीक ठिपके हवेत, ४के लागतं ते मुख्यतः यासाठी. जाळीने उजेड कमी होतो, तो एचडीआरने, म्हणजे नव्या टीव्हीच्या जादा उजळपणाने, भरून काढायचा. हालचाल ट्यूबसारखी रेखीव दिसावी म्हणून दोन चित्रांमध्ये एक काळं चित्र घालायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण ते चित्र काढणाऱ्यांनी ट्यूबकडे बघतच काढलं होतं. फटी आणि कण धरूनच चेहऱ्याची गोलाई ठरवली होती. नुसते धारदार चौकोन मला अजूनही कच्चं काम वाटतात.

यावर हमखास येणारा जोडप्रश्न: मग ट्यूबचाच टीव्ही का ठेवत नाही? जागा असेल आणि दुरुस्त करणारा हाताशी असेल तर जरूर ठेवा. औरंगाबादजवळ चितेगावात बनलेला एखादा व्हिडिओकॉन अजून चालत असेल, तर २४०पीसाठी तो कुठल्याही डब्यापेक्षा बरा. अडचण इतकीच की ट्यूब आता कुणी बनवत नाही, तो पंचवीस-तीस किलोचा डब्बा उचलायला दोन माणसं लागतात आणि घरच्यांना तो बैठकीच्या खोलीत नको असतो.

आणि हो, बदकांची बंदूक, ‘डक हंट’ खेळायची ती. ती नव्या टीव्हीवर चालणार नाही, कुठलाही अपस्केलर लावा. चाप ओढला की खेळ पडदा क्षणभर काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो आणि बंदुकीला त्याच फ्रेममध्ये विचारतो, उजेड दिसला का? बंदुकीतला सेन्सरही ट्यूबच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच दाद देतो. एलसीडीचा उजेड उशिरा येतो आणि लुकलुकतही नाही. तेव्हा तुमच्या माळ्यावर चालू स्थितीतला ट्यूबवाला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला एक फोन करा.